गारा कोणत्या अंगाला लोटू?

…आणि वर सगळं गाव मलाच विचारतंय, पॉल, तू एवढा गरीब पोरगा, तुझ्या हातून असं झालंच कसं. आता कसं झालं ते काय एका दमात सांगता येतं? तुम्हाला सांगतो, म्हणून तर वहीत लिहून आणलंय, कारण चार माणसांसमोर उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. आठवीतून शाळा सोडली त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून जेसीबीवर आहे, आणि जेसीबीला शुद्धलेखन लागत नाही. जेसीबीवाल्याला एकच प्रश्न यावा लागतो, कोणत्या अंगाला लोटू? झालं. ज्याचं काम तो हात दाखवतो, आपण त्या अंगाला लोटायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. पंधरा वर्षं मी हाच प्रश्न विचारत आलो, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. आणि गेल्या गुरुवारी हाच प्रश्न सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत विचारला, तर माझ्या ओठाला तीन टाके, केबिनच्या दोन्ही काचा गेल्या, आणि उजव्या कानात अजून कुणीतरी शिट्टी मारतंय.

बुधवारी दुपारी चारला गारा झाल्या. साध्या नाही, लिंबाएवढ्या. वीस मिनिटं पत्र्यावर असा मार चालला होता की आई बाजूला उभी राहून ओरडत होती आणि मला नुसते तिचे ओठ हललेले दिसत होते. मग थांबल्या. पण सोनईकडून आमच्या गावात येणारा जो रस्ता आहे ना, तो ओढ्याजवळ खाली उतरतो, दोन्ही अंगाला शेतं उंच, रस्ता मधोमध खोल, बैलाच्या गव्हाणीसारखा. दोन्ही शेतांतल्या गारा पाण्याबरोबर वाहत आल्या आणि त्या गव्हाणीत बसल्या. गुरुवारी सकाळी बघतो तर कमरेएवढा थर, दोनशे फूट लांब, रात्रीच्या थंडीनं एकजीव झालेला, त्यात बाभळीच्या फांद्या, मेलेल्या साळुंक्या, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. अलीकडं दुधाचा टेम्पो अडकलेला, पलीकडनं एसटी फाट्यावरूनच माघारी गेलेली. आम्ही जन्मात बर्फ बघितला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. काश्मीरकडं म्हणे बर्फ काढायला सरकारची वेगळी गाडी असते. आमच्या ग्रामपंचायतीकडं घंटागाडी आहे, तिची घंटा चोरीला गेली.

आणि नेमकं त्याच दिवशी बारा वाजता राहुरीकडून एस्तेरच्या घरचे आमचं घर बघायला येणार होते.

हे जरा नीट ऐका, कारण सगळं इथंच अडलंय. मी एकोणतीस वर्षांचा. चार ठिकाणांहून नकार. एक म्हणाले शिक्षण कमी, एक म्हणाले मशीन स्वतःचं नाही, एक तर म्हणाले मुलगा बोलतच नाही, मुका तर नाही ना. शेवटी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एस्तेरचं स्थळ आणलं. तिचे वडील प्रभुदास गुरुजी, शाळेतनं रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पाळकसाहेबांनी माझी शिफारस केली, "गुरुजी, पोरगं मेंढरासारखं शांत आहे." गुरुजी म्हणाले, "मला शांतच पाहिजे." एस्तेरला मी एकदाच बघितलं होतं, मंडळीच्या वार्षिक सभेत. तिनं मला पाणी दिलं, मी सगळा तांब्या पिऊन टाकला, कारण रिकामा झाला नसता तर काहीतरी बोलावं लागलं असतं. एवढीच ओळख, पण माणसाला तेवढी पुरते. आणि बुधवारी संध्याकाळी गुरुजींचा आईला फोन आला, "लिडियाबाई, तुमच्याकडं रस्ता बंद आहे म्हणतात. ज्या गावाला एक रस्ता मोकळा ठेवता येत नाही तिथं मी पोरगी कशी देऊ? बारापर्यंत येतो. गाडी दारापर्यंत आली तर बैठक, नाहीतर फाट्यावरूनच सलाम."

म्हणून सकाळी सातला सरपंच लंकाबाईंचा निरोप आला तेव्हा मला म्हणजे देवच पावला असं वाटलं. लंकाबाई म्हणजे तुम्हाला सांगतो, बाई नाही, विजेची डीपी आहे. जवळ गेलं की हातावरचे केस उभे राहतात. काठी टेकत रस्त्यावर आल्या, गारांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय रे पॉल, दोन तासात मोकळा हुईल का?"

"होईल की आक्का. कोणत्या अंगाला लोटू?"

"कोनत्या बी. लोट."

आता "कोणत्या बी" हे काही उत्तर झालं का? कारण डाव्या अंगाला सहादेवचा कांदा आणि उजव्या अंगाला पुंजारामचा हरभरा. दोघं चुलतभाऊ. वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोलले तर तिसऱ्याला टाके पडतात.

मी मशीन चालू केलं, पहिली बकेट भरली, वर उचलली आणि अदबीनं डावीकडं वळवली. सहादेवभाऊ बांधावर फावडं घेऊन उभेच होते. म्हणाले, "पॉल, माझ्या रानात चार वाफे वाचल्यात. त्यात एक गार जरी पडली ना, तर तुझी मुंडी त्याच बकेटीत घालीन आन् वरनं झाकीन." मी म्हटलं बरं. उजवीकडं वळवली. तिकडं पुंजारामदादा आणि त्यांच्या बायको बनुबाई. बनुबाईंच्या हातात गोफण. तीच आपली, पाखरं हाकायची. दगडाच्या जागी गार. म्हणाल्या, "जस्सी बकेट खाली येईल तस्सी गार सुटंल. माजा नेम तुझ्या बापाला ठावं हुता."

ठावं होता, खरंच. बाबांच्या कपाळावर खूण होती.

मग मी काय केलं, बकेट हवेत तशीच ठेवली, खाली उतरलो आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना फोन लावला. सरकारी माणूस, तो तरी सांगेल.

"भाऊसाहेब, गारा कोणत्या अंगाला लोटू?"

भाऊसाहेब पलीकडनं चहा पीत होते, फुरक्या ऐकू येत होत्या. म्हणाले, "हे बघ पॉल, रस्ता जिल्हा परिषदेचा. गारा म्हणजे नैसर्गिक आपत्ती, त्या महसूलच्या. शेत ज्याचं त्याचं. यात ग्रामपंचायत कुठं आली?"

"मग मशीन लावायच्या ठरावात काय लिहिलंय?"

"ठरावात 'गाळ काढणे' लिहिलंय. गारांसाठी रकानाच नाही रे. तू असं कर, गाळ समजून काढ."

"पण कोणत्या अंगाला?"

"आवाज तुटतोय तुझा," म्हणाले, आणि ठेवला. आवाज माझा नव्हता तुटत, उलट ठेवायच्या आधी पुढच्या फुरकीचा पण आला.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं असं करून बघितलं, की बाबा दोघांनाही वाईट वाटू नये. तर दोघांनाही वाईट वाटलं. डावीकडनं फावडं आलं ते डावी काच घेऊन गेलं, उजवीकडनं गोफणीची गार आली ती उजवी काच घेऊन गेली, आणि केबिनमध्ये मस्त वारा खेळायला लागला. काच माझ्या मांडीवर, गार माझ्या कानावर. तुम्हाला सांगतो, गोफणीची गार कानावर बसली की आधी दुखत नाही, आधी माणसाला लहानपणीचं काहीतरी आठवतं. मला शाळेतली शेवटची पट्टी आठवली. मी तसाच बसून म्हणतोय, "अहो, नुसतं सांगा ना, कोणत्या अंगाला लोटू?" आणि लंकाबाई खालनं काठीनं मशीनच्या चाकावर मारतायत, "लोट रे, लोट."

आणि मग साडेदहाला तलाठ्यांचा निरोप आला. उद्या पंचनाम्याला येतो म्हणून.

आता यात खरं तर काय एवढं? पण गेल्या गारपिटीला काय झालं होतं, तलाठी आमच्याकडं आले तिसऱ्या दिवशी, गारा विरघळलेल्या, रानं वाळलेली, त्यांनी लिहिलं, नुकसान आढळले नाही. आणि पलीकडच्या वाडीवर ते पहिल्या दिवशी गेले होते, तिथं फोटोत गारा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, त्यांना भरपाई मिळाली. तेव्हापासून आमच्या गावात एक गोष्ट पक्की बसली आहे. पीक गेलं तरी चालेल, फोटोत गार दिसली पाहिजे.

निरोप ऐकून सहादेवनं रानाकडं बघितलं. रानातल्या गारा उन्हानं गेलेल्या. पुंजारामनं त्याच्या रानाकडं बघितलं. तिथं पण चिखल. मग दोघांनी एकदम रस्त्याकडं बघितलं. दोनशे फूट. कमरेएवढ्या.

"पॉल," सहादेवभाऊ म्हणाले, आणि आवाज असा मऊ की मी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी पॉल आहे का. "पॉल, लेकरा, हिकडं लोट. माझ्या कांद्यात लोट."

"व्हय का?" पुंजाराम गरजला. "आन् मगाशी मुंडी कोन झाकत हुतं? पॉल, गारा हिकडं टाक. गारा माझ्या हायेत."

"तुझ्या? माझ्या रानातनं वाहून गेल्यात त्या."

"तुझ्या रानातनं? ढग माझ्या रानावर हुता. समद्या गावानं बघितलाय ढग."

आणि दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. फावडं, खोरं, चप्पल, हाताला येईल ते. तोपर्यंत ही बातमी गावात पोचलेली. बाया घमेली घेऊन आल्या, पोरं खताच्या गोण्या घेऊन आली, एकानं तर ट्रॉली आणली आणि वर झाकायला उसाचं पाचट पण आणलं, विरघळू नये म्हणून. ज्याची रानं चार मैलांवर तोही गारा न्यायला लागला. लंकाबाईंनी काठी उचलली आणि ओणव्या झालेल्या एकेकाच्या ढुंगणावर ओढायला सुरुवात केली, "ठिव, ठिव खाली. रस्त्यावर हाय ते समदं गिरामपंचायतीचं. गार बी गिरामपंचायतीची." कुणी ऐकतंय का? घमेल्यानं घमेलं वाजतंय, एकाचं नाक फुटलं, एका म्हातारीनं स्वतःची गोणी वाचवायला जावयाच्या मनगटाचा लचका तोडला आणि जावई म्हणतोय, "अवो आत्याबाय, म्या हाय, म्या." पांढऱ्या गारांवर लाल थेंब पडायला लागले. मी वरनं बघतोय, आणि मनात घड्याळ. साडेअकरा.

मी हॉर्न वाजवला. लांब वाजवला. म्हटलं, "बाबांनो, बारा वाजता माझ्या घरी पाहुणे येणार आहेत. मला नुसतं सांगा, कोणत्या अंगाला लोटू?"

हे बोलायलाच नको होतं. कारण सहादेव डावीकडनं केबिनवर चढला आणि पुंजाराम उजवीकडनं. काचा नव्हत्याच अडवायला. एक म्हणतो डावीकडं, एक म्हणतो उजवीकडं, दोघांनी दोन बाजूंनी लिव्हर धरला, मध्ये माझं डोकं. पुंजारामनं सहादेवला मारलेली कोपर माझ्या तोंडात आली. सहादेवनं पुंजारामला मारलेली बुक्की पण माझ्याच तोंडात आली. एकमेकांना त्यांनी काही लागू दिलं नाही, रक्ताचं नातं शेवटी. ओठ फाटला, शर्ट लाल. आणि तो शर्ट नवा होता हो, आईनं आदल्या दिवशी इस्त्री करून दिलेला, पाहुण्यांसमोर घालायचा, मी सकाळीच घातला म्हणजे मध्ये बदलायला नको.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला पांढरी गाडी थांबलेली दिसली.

गुरुजी उतरले. मागच्या खिडकीत एस्तेर. गुरुजींनी पँट दुमडली, हातात चप्पल घेतली आणि गारांवरनं चालत यायला लागले, एक एक पाऊल, वर्गात परीक्षेच्या वेळी फिरतात तसे. "काय चाललंय हे?" म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं असेल, मास्तरचा आवाज ऐकला की पोरं गप्प बसतात. बनुबाई नेमक्या सहादेवच्या टाळक्याचा नेम धरून गोफण फिरवत होत्या. सहादेव वाकला. गार सुटलेली.

गुरुजींच्या कपाळावर बसली. चष्मा एकीकडं, गुरुजी एकीकडं. बसले ते सरळ गारांत, मांडी घालून, आणि नाकावरनं रक्ताची एक रेघ खाली आली ती पांढऱ्या शर्टावर, पेनांच्या शेजारी.

आणि त्या गडबडीत, ऐका हं, माझं सासर रक्तबंबाळ होऊन गारांत बसलंय, आणि पुंजाराम माझी कॉलर धरून म्हणतो, "तिकडं काय बघतो, गारा हिकडं टाक." आणि सहादेव दुसऱ्या बाजूनं म्हणतो, "टाक हिकडं."

तुम्हाला सांगतो, मला राग येत नाही. लहानपणापासून येत नाही, आईला विचारा. त्या वेळी पण राग असा आला नाही. नुसतं सगळं शांत झालं. मी दोघांना पायानं खाली ढकललं, एकाला इकडनं, एकाला तिकडनं. उठून ते मशीनसमोरच एकमेकांना भिडले. मी बकेट भरली. खालपासनं खरवडून, चांगली तुडुंब. वर नेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालाच काही विचारलं नाही.

सोडली. दोघांवर.

लोक म्हणतात पाच बकेटा. मला तीन आठवतात. छातीपर्यंत गाडले गेले दोघं, वर नुसती मुंडकी, आणि मुंडकी अजून भांडतायत, पण थंडीनं दात असे वाजत होते की शिवी अर्ध्यात तुटत होती. बनुबाईंनी गोफण टाकली आणि हातानं उकरायला लागल्या. लंकाबाई तेवढ्या शांत. म्हणाल्या, "हां. आता मोकळा व्हायला लागला."

उकरून काढले तेव्हा वीस वर्षांनी पहिल्यांदा दोघं भाऊ एकमेकांच्या मिठीत सापडले. थंडीनं. पाच मिनिटं सोडवत नव्हते. आणि अंगात ऊब आल्यावर दोघांनी मिळून पहिलं काम काय केलं असेल? मला केबिनमधनं ओढलं. एकानं हात धरले, एकानं मारलं, मग अदलाबदल. इतकी एकी मी गावात निवडणुकीला पण बघितली नाही. मागनं बाया घमेल्यांनी. ओठाच्या तीन टाक्यांतला एक बनुबाईंचा आहे, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला माहीत आहे.

आई धावत आली. गुरुजी उठले होते, रुमाल कपाळाला लावून उभे. मी चिखलात पडलेलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आईला विचारलं, "हा एरवीही असाच असतो का?"

"नाही हो गुरुजी," आई रडत म्हणाली, "मेंढरू आहे हो, मेंढरू. आजच काय झालं त्याला कळत नाही."

गुरुजींनी मान हलवली. गाडीत बसले. गाडी उलटी फिरली. एस्तेरनं खिडकीतनं बघितलं, पण कसं बघितलं ते मला दिसलं नाही, कारण माझा एक डोळा बंद होता आणि दुसऱ्यात गार विरघळत होती.

संपलं म्हटलं. दुपारभर कडक ऊन पडलं आणि संध्याकाळपर्यंत रस्ता आपोआप मोकळा झाला. ग्रामपंचायत नको, ठराव नको, मी नको. आईनं शिजवलेली कोंबडी तशीच झाकून ठेवली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि कुणी झाकण काढलं नाही. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, पण माझं नाव घेतलं नाही, नुसतं "गावातल्या सर्व जखमींसाठी" म्हणाले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. गुरुजी.

मी उभा राहूनच उचलला. "गुरुजी, सलाम. चुकलं माझं."

"ते असू द्या. तुमचं मशीन आज मोकळं आहे का?"

मला वाटलं कानातल्या शिट्टीमुळं नीट ऐकू येत नाही. "काय म्हणालात?"

"मशीन. मालकाशी मी बोललोय, ते हो म्हणाले. काय आहे पॉल, माझा एक भाऊ आहे. बारा वर्षं झाली, दरवर्षी बांध कोरतो. कोरत कोरत चार फूट माझ्या रानात आलाय. मी पडलो मास्तर, अर्ज करत बसलो. पाळकसाहेबांनी याआधी तीन स्थळं आणली, तिघंही शांत. प्रत्येकाला मी बांध दाखवायला नेलं. तिघंही भावाच्या घरी चहा पिऊन परत आले."

"पण तुम्हीच म्हणाला होता, शांत पाहिजे."

"घरात," गुरुजी म्हणाले. "बांधावर कुठं म्हणालो मी? एस्तेरलाही विचारलं. ती म्हणाली, तोंडानं बोलत नाहीत, पण मनातलं कळतं."

आईला सांगितलं. तिनं कालची कोंबडी डब्यात भरली, ओठाला हळद लावली, फुटलेल्या काचांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद बांधून दिला आणि म्हणाली, "पहिल्यांदा सासरी चाललास, नीट वाग, गेल्या गेल्या सगळ्यांना सलाम कर." मी टाकी फुल केली आणि तीस किलोमीटर गार वारा खात, एका डोळ्यानं रस्ता बघत राहुरीकडं गेलो. बांधाच्या त्या अंगाला गुरुजींचा भाऊ, त्याची तीन पोरं आणि काठ्या, या अंगाला गुरुजी आणि एस्तेर. मी अगदी आईनं सांगितल्यासारखं नीट वागलो. आधी बांध चार फूट त्या अंगाला लोटला, मग मार खाल्ला, आणि मग सगळ्यांना सलाम केला.